पाठराखिणीची शिदोरी

आमच्या घराण्यातील मुलगी सासरी निघते तेव्हा तिच्यासोबत दोघी असतात. एक आमची जुनी मॉरिस मायनर मोटार आणि दुसऱ्या माझ्या थोरल्या नणंदबाई, वच्छलाबाई. मोटार पोहोचवायला जाते आणि वच्छलाबाई पाठराखीण म्हणून जातात. हा नियम कोणी घालून दिला ते मला ठाऊक नाही. परंतु मी सून म्हणून पिशोरला आले तेव्हापासून तो मोडलेला पाहिला नाही, आणि माझ्या हयातीत तो मोडू देण्याचा माझा विचारही नव्हता.

वन्सं हे काम मान म्हणून करीत नसत. त्यांचे स्वतःचे लग्न झाले त्या वेळी सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या होत्या, घरात दुसरी वडीलधारी बाई नव्हती, आणि त्यांना पाठराखिणीवाचून धाडण्यात आले. त्या पहिल्या रात्रीविषयी त्या कधीही बोलल्या नाहीत. पुढे वैधव्य घेऊन त्या माहेरी परतल्या आणि तेव्हापासून या घरातील एकही मुलगी त्यांनी एकटी जाऊ दिली नाही.

त्यांची तयारी ठरलेली असे. मुलीच्या सासरचे पाणीसुद्धा घ्यायचे नाही, हा जुना दंडक. म्हणून निळ्या काठाच्या फडक्यात ज्वारीच्या भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी बांधलेली, आणि हातात फिरकीचा तांब्या. "जिची पाठ राखायची तिच्यावरच भार व्हायचं नाय," असे त्या म्हणत. मोटारीत मुलीच्या शेजारी बसून त्या ओव्या गात, आणि गावाची शीव आली की शेवटची ओवी येई.

शिवंच्या लिंबाला, दोर बांधिला मायेचा
अमुक गं बाई, सैल सोडिते, नाही तोडायाचा

'अमुक'च्या जागी त्या मुलीचे नाव. ओवी दरवेळी तीच, नाव तेवढे बदले. शिवेवर नाव घेतल्यावाचून पाठवणी पुरी झाली असे आमच्याकडे कोणी मानत नाही.

मी स्वतः कधी गायले नाही. नवी सून असताना एका हळदीला मी सूर लावला, तेव्हा वन्सं भरल्या मांडवात म्हणाल्या, "वहिनी, तू ताट धर. गळा माझ्याकडं राहू दे." बायका हसल्या. मलाही हसावे लागले. ती वाटणी पुढे जन्मभर टिकली. ताट आणि हुकूम माझ्याकडे, गळा त्यांच्याकडे.

गेल्या उन्हाळ्यात वन्संना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. समज शाबूत आहे, नजर शाबूत आहे, डाव्या हाताने त्या हवे-नको सांगतात. परंतु शब्द नाही.

आणि यंदा सोनियाचे लग्न ठरले.

सोनिया ही माझा धाकटा मुलगा रामप्रसाद याची कन्या. मुलाकडची मंडळी खुलताबादची, शेतीवाडी राखून असलेली, बोलण्यात अदब असलेली. स्थळ मीच पसंत केले होते, त्यामुळे त्याविषयी अधिक सांगत नाही. बस्ता बांधून आलो त्या संध्याकाळी सोनिया माझ्या खोलीत आली आणि तिने आपला फोन माझ्यासमोर धरला.

"माई, हे ऐका."

फोनमधून वन्संचा आवाज आला. मी पदर सावरून ताठ बसले. माझ्या थोरल्याची मुलगी मोनिका, तिच्या पाठवणीच्या वेळी सोनिया मोटारीत मागे दोघींच्या शेजारी बसली होती आणि तिने सगळ्या ओव्या टिपून घेतल्या होत्या. आवाजामागे आमच्या मोटारीच्या इंजिनाची घरघरही ऐकू येत होती.

"मला पाठराखीण आत्याआजीच पाहिजेत," सोनिया म्हणाली. "त्या येऊ शकत नाहीत, तर त्यांचा आवाज येईल. पण तो गाडीतून आला पाहिजे. फोनमधून डबा वाजवल्यासारखा नको. मोनूताईच्या शेजारी त्या बसल्या होत्या तेव्हा त्यांचा आवाज पाठीत लागायचा, माई. तसा."

"आणि ते जमलं नाही तर?"

"तर एकटी जाईन. पण मग ती गाडी कशाला? कुठलीही चालेल."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर मी तिला तेथेच गप्प केले असते. एका मुलीला या घराने असे एकटे धाडले होते, आणि ती मुलगी पलीकडच्या खोलीत निःशब्द पडून होती. दुसरी मी धाडणार नव्हते.

अडचण मोटारीची होती. माझे यजमान तात्यासाहेब यांनी ती तरुणपणी हैदराबादच्या एका वृद्ध गृहस्थाकडून आणली. डॅशबोर्डखाली लोखंडी पट्टीवर टांगलेला तिचा रेडिओ तापल्यावाचून बोलत नसे. बटण कट् करून फिरवले की आधी नुसता घुमारा येई आणि मोटार कोपऱ्यावर पोहोचेपर्यंत निवेदकाचा आवाज वर येई. तो रेडिओ कधीचा मुका झाला होता. तात्यासाहेबांनी त्यात नवा बसवू दिला नाही. ते म्हणत, "ही आपल्याला मिळाली तशीच पुढच्याच्या हाती द्यायची. मधल्यानं आपली खूण ठेवायची नाही." गणपतीसुद्धा त्यांनी पुढे चिकटवू दिला नाही. तो आरशाच्या दांडीला दोऱ्याने बांधलेला आहे. ते गेल्यापासून त्यांच्या शब्दाची राखण माझ्याकडे आहे.

माझा नातू ऋतुराज, सोनियाचा भाऊ, क्रांती चौकातून सोमनाथ नावाच्या एका गृहस्थाला घेऊन आला. त्याचे मोटारींना संगीताची यंत्रे बसवून देण्याचे दुकान आहे. पिशोर सोडून शहरात आल्यापासून आम्ही समर्थनगरात राहतो; त्या घराच्या फाटकातून आत शिरतानाच त्याचे बोलणे सुरू झाले होते.

"मावशी, एकदम टेन्शन नका घेऊ. पुढं दोन, मागं दोन, डिक्कीत बफर. असा बेस देतो ना, सिग्नलला उभी राहिली तर बाजूवाल्याच्या काचा हालतील."

"मी तुमची मावशी नव्हे. माई म्हणा. आणि मला कोणाच्याही काचा हलवायच्या नाहीत. एक वृद्ध बाई शेजारी बसून गाते आहे, एवढंच ऐकू आलं पाहिजे."

त्याने मोटारीभोवती एक फेरी मारली, दारावर बोटाने टकटक केली. "पत्रा तर लोखंड हाय नुसतं. पण दाराला कटिंग लागंल, माई. स्पीकर बसायचा कुठं?"

"दाराला कटिंग नाही. भोक नाही. नवा स्क्रू नाही. तुम्ही जे काही कराल ते उद्या काढून नेलं, तर गाडीला कळता कामा नये."

"गाडीला कळता कामा नये!" सोमनाथने ऋतुराजकडे वळून पाहिले. "भाऊ, तुमच्या माई लई कडक हायत."

"आत्ता तर मूड चांगला आहे त्यांचा," ऋतुराज म्हणाला.

मी शेडच्या सावलीत खुर्ची टाकून घेतली आणि काम चालू असेपर्यंत तेथून हलले नाही. माणूस बोलघेवडा होता, पण हाताचा घाईचा नव्हता. रेडिओच्या जुन्या स्पीकरचा कागद उंदरांनी कुरतडला होता. त्याच मापाचा नवा स्पीकर त्याने त्याच जागी, त्याच जुन्या स्क्रूंनी बसवला. रेडिओचे झाकण उघडून आवाजाच्या बटणामागे आपल्या तारा जोडल्या आणि मूळ तारांच्या टोकांना कापडी चिठ्ठ्या बांधून त्या गुंडाळून ठेवल्या. मागच्या आसनाखाली एका फळीवर आवाज वाढवणारे यंत्र आणि लाकडी पेटीतला एक स्पीकर ठेवला. पेटीला खालून जाड लोकरी नमदा लावला, पत्र्याला ओरखडा नको म्हणून. बटण मात्र तात्यासाहेबांच्या हातचे तेच राहिले, आणि कट् असा त्याचा आवाजही तोच.

शेवटी त्याने बॉनेट उघडले, बॅटरीला तारा लावल्या आणि म्हणाला, "माई, घ्या देवाचं नाव. लावतो."

ऋतुराजने बटण फिरवले. आवाज आला नाही. मागच्या आसनाखालून आधी एक उग्र वास आणि मग धूर आला.

"काढ! तार काढ!" सोमनाथ ओरडत पुढे धावला. मागे बसलेली सोनिया दार उघडून बाहेर पडली. मी उठून मागचे आसन स्वतः उचलून पाहिले. कातडे शाबूत होते, गालिचा शाबूत होता. फळीवरचे यंत्र तेवढे काळे पडले होते.

सोमनाथ बॅटरीजवळ वाकून उभा होता. मग त्याने नखाने बॅटरीच्या खांबावर खरवडले आणि ते नख नाकाशी नेले.

"माई... हे कुंकू हाय का?"

"अर्थात कुंकू आहे. दर खंडेनवमीला मी लावते. मोटारीचं काळीज ते."

"आरं देवा. मी लाल बघितलं अन् प्लस समजलो!" त्याने मला जवळ बोलावले. वर्षानुवर्षांच्या तेलकुंकवाचा थर निघाला होता आणि त्याखाली वजाची खूण उमटलेली होती. "ही गाडीच उलटी हाय. आपल्या सगळ्या गाड्यांचा मायनस बॉडीला असतो, हिचा प्लस हाय. तरी मला दिसलं असतं, पण वर हे लाल."

"कुंकवाला बोल लावू नका," मी म्हणाले. "ते खूण सांगण्यासाठी लावलेलं नसतं. आणि मोटार उलटी नाही, ती तशीच घडवलेली आहे. पुष्कळ झालं. आजपासून या मोटारीला कोणी हात लावायचा नाही."

"माई, दुसरं आणतो ना मी. माझी चूक हाय, मी भरून देतो. फक्त बॅटरीची खालची पट्टी सोडवून उलटी जोडतो. डायनॅमोला जरा..."

"माझं बोलणं संपलं आहे."

सोमनाथने हत्यारे गोळा केली. सोनिया आत गेली आणि वन्संच्या खाटेच्या कडेला जाऊन बसली. लग्न अगदी तोंडावर आले होते. माझ्या हुकमाचा अर्थ तिलाही कळला होता आणि मलाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वन्संच्या खोलीत गेले तेव्हा सोनिया त्यांचे लोखंडी कपाट उघडून उभी होती. तिच्या हातात निळ्या काठाचे फडके होते.

"हे मी नेऊ का, माई? आवाज नाही तर नाही. हे तरी."

वन्सं उशीवरून आमच्याकडे पाहत होत्या. मी फडके हातात घेतले. त्याला तेलाचा आणि चटणीचा वास अजून होता. जिची पाठ राखायची तिच्यावर भार व्हायचे नाही. वन्सं सगळीकडे गेल्या, पण आपले अन्नपाणी आपल्यासोबत घेऊन. कोणाच्या हंड्यात त्यांनी तांब्या बुडवला नाही. आणि आम्ही काय करीत होतो? त्यांच्या आवाजाला मोटारीच्या ताटात जेवायला बसवीत होतो.

मी ऋतुराजला हाक मारली. "त्या सोमनाथला बोलाव. त्याला सांग, पाठराखीण आपली शिदोरी आपण घेऊन जाते."

सोमनाथ आला तो फाटकाबाहेरच घुटमळला. मी त्याला आत बोलावून म्हटले, "तुमच्या यंत्राला मोटारीची बॅटरी द्यायची नाही. त्याची स्वतंत्र बॅटरी त्याच्यासोबत ठेवा. मोटारीतून एक थेंब घ्यायचा नाही आणि मोटारीला एक तारही लावायची नाही."

त्याने कपाळावर हात मारला. "म्हंजे बॉडीचा सवालच नाय! प्लस कुठं का असंना. माई, तुम्ही दुकान टाका माझ्या बाजूला, मी शिकायला येतो."

"आधी हातातलं काम करा."

त्याने एक छोटी सीलबंद बॅटरी आणली आणि नव्या यंत्रासह ती मागच्या आसनाखाली ठेवली. स्पीकरच्या पट्टीशी आणि रेडिओच्या बटणाशी पत्र्याचा संबंध येऊ नये म्हणून रबराच्या चकत्या घातल्या. सोनियाने ती बॅटरी निळ्या काठाच्या फडक्यात बांधली, भाकरी बांधतात तशी, वर गाठ मारून. सोमनाथ ते पाहून हसला नाही, याबद्दल मी त्याला मनातल्या मनात गुण दिला.

या वेळी चाचणीला वन्संनाही बाहेर आणले. त्यांची चाकांची खुर्ची मोटारीच्या उघड्या दाराशी लावली. ऋतुराजने बटण फिरवले. कट्. आणि मग, कोणतीही घाई न करता, वन्संचा आवाज आसनाखालून वर आला. तो शेजारून येत होता, पाठीत लागत होता. सोनियाची आई तोंडाला पदर लावून आत निघून गेली. वन्सं स्वतःला ऐकत होत्या. त्यांचे डावे बोट खुर्चीच्या हातावर ताल धरत होते.

शेवटची ओवी आली.

शिवंच्या लिंबाला, दोर बांधिला मायेचा
मोनिका गं बाई, सैल सोडिते, नाही तोडायाचा

वन्संचे बोट थांबले.

सोनियाने खाली पाहिले. तिला हे पहिल्यापासून ठाऊक होते. "चालेल, माई," ती हलकेच म्हणाली. "मोनूताईचं नाव असलं म्हणून काय झालं. आवाज तर त्यांचाच आहे ना."

"शिवेवर दुसरीचं नाव घेऊन मुलगी धाडतात का?" मी म्हणाले. "ती कोणाची पाठवणी झाली?"

ऋतुराजने घसा साफ केला. "माई, हे सोपं काम आहे. आत्याआजींचा आवाज आपल्याकडे भरपूर आहे. कॉम्प्युटरला ऐकवला की तो त्यांच्याच आवाजात 'सोनिया' म्हणून देतो. मधला 'नि' तर आहेच. दोन अक्षरं बदलायची फक्त. कुणाला कळणारसुद्धा नाही."

"वन्संना कळेल. त्या इथे बसल्या आहेत, जिवंत आहेत. त्यांनी जो शब्द उच्चारला नाही तो त्यांच्या तोंडी घालण्याचा अधिकार तुला कोणी दिला?"

"मग ते नावच कापू. तेवढीच जागा रिकामी."

"कापायचं नाही."

"माई, हे काय गाडीचं दार आहे का?"

"दारापेक्षा जास्त आहे."

त्याच वेळी वन्संनी डावा हात उचलला. तो त्यांनी स्वतःच्या गळ्याला लावला, नकारार्थी मान हलवली, आणि मग त्याच हाताचे बोट समोर केले.

"पाणी पाहिजे का, आत्याआजी?" सोनियाने विचारले.

वन्संनी तिच्याकडे असे पाहिले की ती मागे सरली. बोट माझ्याकडेच होते. मला कळले होते, पण मी कळू न दिल्यासारखे केले.

"वन्सं, आपलं ठरलेलं आहे. ताट माझ्याकडे, गळा तुमच्याकडे."

बोट खाली आले नाही. माझा उभा जन्म या बाईसमोर गेला. तिने मागितलेले मी काही नाकारले असेल, असे मला आठवत नाही, कारण तिने कधी काही मागितलेच नव्हते.

"बरं," मी म्हणाले.

पुढचे काही दिवस दुपारी सगळे आडवे झाले की मी मोटारीत पुढच्या आसनावर जाऊन बसत असे. दार लावून घेई. फोन कसा लावायचा ते सोनियाने दाखवून दिले होते. बाकी मी कोणाला जवळ येऊ दिले नाही. तात्यासाहेबांचे ते बटण फार नाजूक निघाले. डावीकडे नेत गेले की आवाज विझत जातो, आणि टोकाला कट् वाजले की यंत्रच बंद पडते. तेव्हा ते टोकाच्या अलीकडे, केसभर अंतरावर थांबवायचे होते. तेथे वन्संचा आवाज थांबत नाही, ऐकू येत नाही एवढेच. आत त्या गातच असतात. आपण आपला शब्द टाकायचा आणि त्या पुढे निघून जाण्याआधी बटण परत फिरवायचे. कधी माझे नाव घेणे लांबे आणि वन्सं ओवी संपवून मोकळ्या होत. कधी बटण कट् होई. माझ्या स्वराविषयी बोलण्यासारखे काही नाही. वन्संनी मांडवात जो निकाल दिला होता तो योग्यच होता.

लग्न चांगले पार पडले. पाठवणी घरून, समर्थनगरातून निघाली तेव्हा ऊन उतरायला लागले होते. आमच्याकडे शिवेपर्यंत मुलगी माहेरची मानतात. म्हणून जावईबापू पुढच्या मोटारीत होते आणि मॉरिसमध्ये ऋतुराज चालवायला, शेजारी मी, मागे सोनिया. मी शिवेवर उतरायचे आणि माझ्या जागी जावयाने बसायचे, असे ठरले होते.

वन्संची खुर्ची फाटकाशी आणली होती. त्यांच्या मांडीवर फिरकीचा तांब्या होता, काठोकाठ भरलेला. सोनिया वाकली तेव्हा त्यांनी तो डाव्या हाताने उचलण्याचा प्रयत्न केला. त्यांनी कोणाला मदत करू दिली नाही. सोनियाने तांब्या दोन्ही हातांनी घेतला, त्यांच्या पायांवर डोके ठेवले आणि मागच्या आसनावर जाऊन बसली. मी ओवाळणीचे ताट मांडीवर घेऊन पुढे बसले आणि बटण फिरवले.

कट्.

ओव्या सुरू झाल्या. क्रांती चौकात गर्दी होती. मोटारसायकलवरचा एक माणूस आवाज ऐकून काचेतून आत डोकावला, त्याने गाणारी बाई शोधली आणि नवरी पाहून नजर वळवली. छावणी मागे पडली, पडेगाव मागे पडले. टिपून घेतलेल्या आवाजातले जुने इंजिन आणि पायाखालचे खरे इंजिन एकमेकांत मिसळून गेले होते. मागे सोनिया रडत नव्हती. आसनाला पाठ टेकून, डोळे मिटून ती ऐकत होती. आरशात मला तिचे कपाळ तेवढे दिसत होते.

शहराला शीव उरलेली नाही, म्हणून ती मी ठरवली होती. मिटमिटा ओलांडल्यावर वस्ती विरळ होते आणि रस्त्याच्या डाव्या हाताला एक लिंब आहे. ऋतुराजने वेग कमी केला. वन्संनी शेवटची ओवी धरली.

शिवंच्या लिंबाला, दोर बांधिला मायेचा

मी बटण डावीकडे नेले. आवाज विझला. बोटाखाली ते टोकाच्या अलीकडे थांबले, आणि मोटारीत फक्त इंजिन उरले.

"सोनिया गं बाई," मी म्हणाले.

त्याला गाणे म्हणता येणार नाही. आयुष्यभर ज्या आवाजाने मी माणसे कामाला लावली त्याच आवाजात ते निघाले. फक्त शेवटचे अक्षर जागेवर राहिले नाही, ते हलले. मी बटण फिरवायला गेले आणि माझी बोटे घसरली. 'सैल' हा शब्द माझ्या हातून जात होता. वन्सं आत तो उच्चारत होत्या आणि मला त्यांना बाहेर आणता येत नव्हते.

"सैल," मागून सोनिया म्हणाली.

बटण सापडले.

"...सोडिते, नाही तोडायाचा," वन्संनी ओवी पुरी केली.

ऋतुराजने मोटार लिंबाखाली थांबवली. मी उतरले. जावईबापूंनी पुढे होऊन पायांना हात लावला. मी त्यांना माझ्या जागेवर बसवले आणि सांगितले, "बटणाला हात लावू नका. त्या आपणहून थांबतील." सोनियाने खिडकीतून हात बाहेर काढला. मी तिच्या कपाळी कुंकू लावले, ताट घेऊन मागे सरले आणि ऋतुराजला निघण्याची खूण केली. ओव्या पुन्हा पहिल्यापासून सुरू झालेल्या मला ऐकू आल्या. मोटार दौलताबादच्या दिशेने लहान होत गेली.

मागून रामप्रसाद आपल्या मोटारीने आला होता. सोनियाची आई त्याच्या शेजारी होती. मी बसल्यावर सूनबाईंनी विचारले, "माई, तुम्ही गायलात का हो?"

"रामप्रसाद, दिवे लाव आणि पुढे बघून चालव," मी म्हणाले.

घरी पोहोचले तेव्हा दिवेलागण झाली होती. वन्संनी खुर्ची आत नेऊ दिली नव्हती. फाटकाशीच बसल्या होत्या, अंगावर शाल घेऊन. मला पाहताच त्यांनी डावा हात उचलला आणि अंगठा व बोट जुळवून हवेत एक बटण फिरवले, डावीकडे, मग परत उजवीकडे. आणि भुवया उंचावल्या.

"घेतलं," मी म्हणाले. "'सैल' राहून जात होतं. ते पोरीनं घेतलं."

ओवाळणीचे ताट अजून माझ्या हातात होते. निरांजन विझले होते, कुंकू एका बाजूला सांडले होते. वन्संनी आपला डावा हात पुढे केला, ताटाची कड धरली आणि ते माझ्याकडून ओढून घेतले. मग मांडीवर ठेवून घट्ट धरून बसल्या.